छातीतली शिट्टी

चौथीत मला शिकवायला आईच होती. खडकीतल्या आमच्या मराठी शाळेत तोपर्यंत प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी उरली होती, त्यामुळे दुसऱ्या वर्गात जाऊन बसायची सोय नव्हती. घरातून निघताना ती आई असायची आणि शाळेचं फाटक आलं की बाई व्हायची. हा नियम तिनंच घातला होता. मी तो इतका पाळायचे की एकदा मैदानावर पडून गुडघा फुटला तेव्हाही मी रडत रडत "बाई, रक्त येतंय" असंच म्हणाले होते. घरी आल्यावर आईनं बाबांना ते कौतुकानं सांगितलं.

बाबा फॅक्टरीत होते आणि आम्ही क्वार्टर्समध्ये राहायचो. दोन खोल्या, मागे मोरी, भिंतीला भिंत लागून शेजार. एका घरात कुणी खोकलं तर पलीकडच्या घरातून आल्याचा चहा घ्या म्हणून सल्ला यायचा. अशा ठिकाणी मला दमा आहे हे लपवणं हे एक कामच होतं आणि ते आम्ही तिघं मिळून करायचो. डॉक्टरांनी तो शब्द पहिल्यांदा उच्चारला तेव्हा बाबांनी विचारलं होतं, म्हणजे अ‍ॅलर्जीच ना? डॉक्टर म्हणाले, तसंही म्हणता येईल. बाबांना तेवढं पुरलं. बाहेर सांगायचं ते सर्दी. माझी आत्या सदाशिव पेठेत राहायची. ती एकदा येऊन दिवसभर बसली आणि निघताना चपला घालता घालता म्हणाली की मुलीच्या जातीला हे असलं दुखणं, आत्तापासून गावभर करू नका, पुढे जड जाईल. मी आठ वर्षांची होते. पुढे म्हणजे कधी ते मला कळलं नाही. जड जाणार एवढं कळलं.

औषधाचा पंप आईच्या पर्समध्ये असायचा, चष्म्याच्या एका जुन्या डबीत. शाळेत मला धाप लागली तर काय करायचं, हे आम्ही दोघींनी ठरवून ठेवलं होतं. मी माझा कंपास बाकाच्या कोपऱ्यावर उभा करून ठेवायचा. आईचं लक्ष गेलं की ती फळ्याकडे वळत, अगदी सहज म्हणायची, "जा गं, ऑफिसातून खडू घेऊन ये." मग मी ऑफिसात, म्हणजे शिक्षकांच्या खोलीत जायची, पर्समधली डबी काढायची, दोनदा पंप ओढायची, पाच मिनिटं खिडकीपाशी उभी राहायची आणि दोन खडू घेऊन परत यायची. वर्गाला वाटायचं, बाईंची मुलगी म्हणून हिला खडू आणायचा मान मिळतो. एक-दोन मुली त्यावरून माझ्यावर रुसल्याही होत्या. त्यांचं रुसणं मला आवडायचं. बाई शिकवत असतानाही त्यांच्या आत माझी आई जागी आहे, एवढं त्या खडूमुळे मला कळत राहायचं.

ती शिकवायची मात्र फार सुंदर. आईवर आज मी कितीही रागावले तरी हे म्हटल्याशिवाय राहवत नाही. परिसर अभ्यासाच्या पुस्तकात श्वासावर जेमतेम दीड पान होतं. नाकातून हवा आत जाते, फुफ्फुसांत पोचते, वगैरे. आईनं त्या दीड पानाचा महिना केला. पहिल्या दिवशी पुस्तक उघडूच दिलं नाही. सगळ्यांना बरगड्यांवर पंजे ठेवून बसवलं आणि फक्त लक्ष द्यायला सांगितलं, की बोटं एकमेकांपासून लांब जातात की जवळ येतात. दुसऱ्या दिवशी स्टीलची ताटली नाकाखाली धरून तिच्यावर उठणारं धुकं बघितलं. मग मैदानाला दोन फेऱ्या मारून आल्यावर एका मिनिटात किती श्वास होतात ते मोजलं. प्रत्येकानं आपला आकडा स्वतः फळ्यावर लिहायचा, चुकला तर चुकला.

हे सगळे प्रयोग आधी घरी माझ्यावर व्हायचे. संध्याकाळी बाबा कामावरून यायच्या आत आम्ही स्वयंपाकघरात फरशीवर पसारा मांडायचो. पानवाल्याकडून आणलेला चुना पाण्यात कालवून ठेवायचा, गाळ खाली बसला की वरची निवळी अलगद ओतून घ्यायची आणि त्यात नळीनं फुंकायचं. माझ्या उच्छ्वासानं ते पाणी ताकासारखं पांढरं व्हायचं तेव्हा मला आपण काहीतरी जादू केली असं वाटायचं. प्लॅस्टिकच्या बाटलीचं बूड कापून आईनं फुफ्फुसं केली होती. आत दोन छोटे फुगे, खाली ताणून बसवलेलं तिसऱ्या फुग्याचं रबर. रबर खाली ओढलं की आतले फुगे आपोआप फुगायचे. मी विचारलं, कुणी न फुंकता कसे फुगतात? ती म्हणाली, जागा झाली की हवा येते. फुफ्फुसं स्वतः काही करत नाहीत.

आणि एकदा तिनं घरातलं रॉकेलचं नरसाळं साबणानं तीनदा धुऊन त्याला बाबांनी आणलेली रबरी नळी जोडली. नरसाळं छातीवर ठेवायचं, नळीचं दुसरं टोक कानाला. आधी तिनं माझ्या छातीचा आवाज ऐकला. मग नळी माझ्या कानाला लावली. आत बारीक शिट्टी वाजत होती, कुकरचं प्रेशर सुटायच्या आधी येते तशी. मी घाबरले. आईनं मला जवळ घेतलं आणि सांगितलं की आत नळ्या आहेत, त्या कधीकधी आक्रसतात आणि मग वारा असा वाजतो, घाबरायचं काही कारण नाही. मग म्हणाली, "हा आवाज आपल्या दोघींचा. वर्गात कुणाला कळणार नाही. मी आहे ना."

त्या वर्षी आमच्या शाळेचा पट बराच घसरला होता. आजूबाजूला इंग्रजी शाळा निघाल्या होत्या आणि क्वार्टर्समधली मुलं एकामागून एक टाय लावून पिवळ्या बसमध्ये चढायला लागली होती. मुख्याध्यापक रोज हजेरीपटाची पानं उलटत बसायचे. आई चौथीची बाई होती आणि पट आणखी खाली गेला तर तिला दुसरीकडे पाठवतील अशी कुजबूज होती. हे मला तेव्हा अर्धवट कळत होतं. एवढं आठवतं, की संध्याकाळी पोळ्या लाटताना ती मध्येच थांबायची.

अशात बातमी आली की नव्यानं पुण्यात आलेल्या एका सॉफ्टवेअर कंपनीची माणसं शाळा बघायला येणार आहेत. त्यांना काही मराठी शाळांना संगणक द्यायचे होते, आणि कुठल्या शाळांना द्यायचे हे ठरवायला ती फिरत होती. मुख्याध्यापकांनी आईला बोलावून सांगितलं की त्यांच्यापुढे तुमचा श्वासाचा पाठ घ्या. आई घरी आली ती वेगळीच होऊन. बाबांना म्हणाली, "अहो, माझाच पाठ निवडलाय." बाबा म्हणाले, निवडणारच.

त्या दिवशी सकाळी मुख्याध्यापकांनी आमच्या वर्गात सरस्वतीच्या फोटोपुढे उदबत्त्या लावल्या. एक नाही, पाच-सहा. खिडक्या लावून घेतल्या, कारण बाहेर रस्त्याचं काम चालू होतं आणि त्याचा आवाज यायला नको होता. पाहुणे आले तोपर्यंत वर्ग धुरानं भरला होता. तीन पुरुष होते आणि एक बाई, सगळे मागच्या भिंतीशी खुर्च्यांवर बसले. पाठ सुरू झाला तेव्हाच माझ्या छातीवर कुणीतरी वीट ठेवल्यासारखं वाटायला लागलं होतं. बरगड्या झाल्या, ताटली झाली, चुन्याची निवळी आली तेव्हा मी कंपास बाकाच्या कोपऱ्यावर उभा केला.

आईनं बघितलं. ती तिसऱ्या रांगेतल्या एका मुलाला नळी देत होती, तिनं मान वर केली, तिची नजर कंपासावर आली आणि मग माझ्यावर. मी उठायच्या तयारीत होते. पण ती खडू आणायला जा म्हणाली नाही. पुन्हा त्या मुलाकडे वळली.

मला वाटलं, पाहुण्यांसमोर म्हणून. जरा थांबू या.

निवळी पांढरी झाली. मुलांनी हात वर करून उत्तरं दिली, आणि ती सगळी बरोबर होती. तेव्हा पाहुण्यांपैकी चष्मा लावलेले एक गृहस्थ मुख्याध्यापकांना म्हणाले, "मुलं छान बोलतात. पाठांतर उत्तम आहे." पुण्यात राहिलेल्या माणसाला ह्या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मुख्याध्यापक हसले. आई हसली नाही. तिनं टेबलाखालून नरसाळं काढलं.

"आता पाठ न केलेलं ऐकू या," ती म्हणाली. तिनं आधी दोन मुलांना पुढे बोलावलं. वर्गातल्या चारपाच जणांनी त्यांच्या छातीला नरसाळं लावून आवाज ऐकला आणि कसा आहे ते सांगितलं. वारा वाहिल्यासारखा, कुणी म्हणालं. मग तिनं माझं नाव घेतलं.

मी पुढे गेले. अजूनही मला वाटत होतं की ती हळूच सांगेल, जा, ऑफिसात जा. तिनं मला वर्गाकडे पाठ करून उभं केलं आणि नरसाळं माझ्या पाठीवर टेकवलं. पहिल्या बाकावरचा मुलगा नळी कानाला लावून एकदम दचकला. "बाई, हिच्यात शिट्टी आहे." मग सगळ्यांनाच ऐकायचं होतं. रांग लागली. चष्म्याचे गृहस्थ उठून आले, त्यांनीही वाकून ऐकलं. मी फळ्याकडे बघत उभी होते. फळ्यावर बाईंच्या वळणदार अक्षरात 'आपला श्वास' असं लिहिलेलं होतं.

"हिला दमा आहे," आई म्हणाली. अगदी स्वच्छ आवाजात, ळ आणि ण शिकवावे तसा. मग तिनं समजावून सांगितलं की दमा म्हणजे काय, आतल्या नळ्या कशा आक्रसतात, तो लागण होणारा रोग नाही. टेबलाच्या खणातून एक पिशवी काढून तिनं सगळ्यांना एकेक बॉलपेनची रिकामी रिफिल वाटली. टोक काढलेल्या, उकळून धुतलेल्या. नाक धरा आणि फक्त या रिफिलीतून श्वास घ्या, ती म्हणाली. वर्ग एकदम गप्प झाला. मी मागे वळून बघितलं तर मुलांचे डोळे मोठे झाले होते, काहींच्या ओठांना निळी शाई लागली होती. एका मुलीनं अर्ध्या मिनिटात रिफिल फेकून दिली आणि ती मोठमोठ्यानं श्वास घ्यायला लागली. "घाबरलीस ना?" आईनं तिला विचारलं. "हिला आत्ता असंच होतंय."

पाहुण्यांमधल्या बाई तेवढ्यात पुढे आल्या होत्या. त्या आईला हळू आवाजात म्हणाल्या, "तिला खरंच त्रास होतोय. बसू दे ना तिला."

"दोन मिनिटं," आई म्हणाली.

ती दोन मिनिटं मी कधीच विसरले नाही. बाईंनी मला पुढे बोलावलं, नरसाळं लावलं, शब्द उच्चारला, ते सगळं एका बाजूला. पण कुणीतरी परकी बाई आईला सांगत होती आणि तरी तिला दोन मिनिटं हवी होती.

शेवटी ती म्हणाली, जा, ऑफिसातून खडू घेऊन ये. वर्गातली पोरं हसली. त्यांना एका क्षणात सगळे जुने खडू कळले होते. मी शिक्षकांच्या खोलीत गेले, डबी उघडली, पंप ओढला. वर्गातून टाळ्यांचा आवाज आला. मी खडू न घेता परत आले.

त्या संध्याकाळी आईनं शिरा केला. ती गुणगुणत होती. पाहुणे जाताना मुख्याध्यापकांना म्हणाले होते की असा पाठ आम्ही कुठेच बघितला नाही. मी ताटलीला हात लावला नाही. बराच वेळ मनात जुळवून शेवटी मी विचारलं, रिफिली कधी धुतल्यास?

"गेल्या आठवड्यात. शाळेत," ती म्हणाली.

तिला कळलं मी काय विचारलं ते. बाकी सगळे प्रयोग आमच्या स्वयंपाकघरात माझ्यावर झाले होते. हा एकच झाला नव्हता. वर्गाचा पट अडतीस होता आणि अडतीस रिफिली एका दिवसात संपत नाहीत, तिनं त्या कितीतरी दिवस गोळा केल्या असणार. चष्म्याच्या गृहस्थांनी टोमणा मारला म्हणून तिला आयत्या वेळी सुचलं असं नव्हतं ते.

मी म्हणाले, "तू सांगणार नाही म्हणाली होतीस."

तिनं गॅस बारीक केला. "आई म्हणून सांगितलं नाही मी," ती म्हणाली. "बाई म्हणून सांगितलं. त्यात फरक आहे. मोठी झालीस की कळेल."

'दमा' हा शब्द क्वार्टर्समध्ये पोचायला दोन दिवस लागले. बाबांनी तीन आठवडे आईशी बोलणं टाकलं. पण त्यांचा राग माझ्यासाठी नव्हता. बाहेर कळलं, याचा होता. आत्या येऊन गेली, नको म्हटलं होतं ना, एवढंच बोलली. मला त्या तिघांमध्ये कुणाच्या बाजूला जाऊन बसावं ते कळत नव्हतं.

वर्गातली मुलं वाईट वागली असं मी म्हणणार नाही. ती उलट फार उत्सुक झाली होती. मधल्या सुट्टीत कुणीतरी माझ्या पाठीला कान लावायचं, आज वाजतंय का बघू म्हणून. धाप लागण्याला त्यांनी 'रिफिल होणं' असा शब्द काढला. आज तुझी रिफिल आहे का, विचारायची. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण क्वार्टर्समधलीच होती, रोज माझ्याबरोबर शाळेत यायची. तिच्या आईनं शाळेत येऊन सांगितलं की आमच्या मुलीला दुसरीकडे बसवा. लागण होत नाही हे बाईंनी एवढं समजावून सांगितलं होतं, आणि तरीही बाईंनीच काही न बोलता तिला दोन बाकं मागे बसवलं. मी आईकडे बघितलं तेव्हा ती वही तपासत होती.

मी कंपास उभा करणं बंद केलं. धाप लागली की श्वास अगदी छोटा छोटा घ्यायचा, तोंड मिटून, खांदे न हलवता, हे मी शिकले. शिट्टी वाजायला आली की मी मुद्दाम खोकायची, सर्दी झाल्यासारखं. महिनाभर हे आईच्या ध्यानात आलं नाही. कदाचित तिला वाटलं असेल की मला बरं वाटायला लागलंय.

मग एका शनिवारी, सकाळच्या शाळेत, कवायतीच्या वेळी पुन्हा श्वास मोजायचे म्हणून तिनं सगळ्यांना मैदानाला फेऱ्या मारायला लावलं. मी पळाले. थांबता आलं असतं. दुसऱ्या फेरीत मैदान वाकडं झालं आणि मी गुडघ्यांवर बसले. पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. दोन बाकं मागे गेलेली माझी मैत्रीण मैदानाच्या पलीकडे ओरडत पळाली, "बाई, हिची रिफिल अगदी बारीक झालीय." दोन मुलांनी मला पुढे वाकवून बसवलं. कुणीतरी बाकीच्यांना मागे हटवलं, वारा येऊ द्या म्हणून. एक मुलगी आईच्या पर्समधली चष्म्याची डबी घेऊन आली, कुणी सांगायच्या आधी. डबी कुठे असते हे आता सगळ्यांना माहीत होतं.

दवाखान्यात नाकातोंडावर मास्क लावून मी पडले होते. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. आई म्हणाली, "मुलांना शिकवलं होतं म्हणून कळलं त्यांना." ती माझा हात धरून बसली होती आणि रडत होती, तरी ते सांगताना तिच्या आवाजात एक समाधान होतं. ती खोटं बोलत नव्हती. तो पाठ झाला नसता तर मुलं माझ्याभोवती गोळा होऊन नुसती बघत राहिली असती. मला ते नऊ वर्षांची असतानाही समजलं. आणि म्हणूनच माझ्या रागाला कुठे जायला जागा उरली नाही. ज्या गोष्टीनं मला वाचवलं तिच्याबद्दल तक्रार कुणाकडे करायची?

त्यानंतर पंप मी माझ्या खिशात ठेवायला लागले. आईनं एकदा मागितला, मी दिला नाही.

शाळेला दोन संगणक मिळाले. ते एका खोलीत निळ्या फडक्याखाली कुलपात असायचे आणि पाचवीत जाईपर्यंत आम्ही ते एकदाच बघितले. पुढे मी त्याच धंद्यात पडले. इंजिनिअरिंग झालं, खराडीला नोकरी लागली, आमच्या पिढीतल्या पुण्याच्या अर्ध्या मुलामुलींचं जे झालं तेच माझं झालं. लग्न ठरवायला मुलगा बघायला आला तेव्हा पोहे येण्याआधीच मी त्याला सांगून टाकलं, मला दमा आहे. तो म्हणाला, माझ्या भावालाही आहे. आत्या आतल्या खोलीत होती. तिनं ऐकलं की नाही मला माहीत नाही.

आई निवृत्त झाल्यावरही थांबली नाही. तिच्या प्रयोगांचं नाव झालं होतं. आसपासच्या गावांतले शिक्षक तिला शिकवायला बोलवायचे, आणि ती पिशवीत बाटल्या, फुगे, नरसाळं भरून जायची. एकदा वाघोलीच्या एका शाळेत तिचं सत्र होतं. तिचा गुडघा दुखत होता आणि बसला गर्दी होती, म्हणून मी अर्धा दिवस रजा टाकून तिला गाडीनं घेऊन गेले. सत्र संपेपर्यंत हॉलच्या मागच्या बाजूला लॅपटॉप उघडून बसले.

पन्नासेक शिक्षक होते. ती बोलायला उभी राहिली आणि मी लॅपटॉपवरून मान वर केली. ती अजून तशीच होती. तिनं सगळ्यांना बरगड्यांवर हात ठेवायला लावले. निवळी पांढरी केली. मग नरसाळं काढून म्हणाली की हा प्रयोग मला माझ्या मुलीनं दिला.

तिनं सांगितलं, की वर्गात पाहुणे आले होते, पाठ चालू होता, आणि तिची नऊ वर्षांची मुलगी आपणहून हात वर करून उठली. म्हणाली, बाई, माझ्या छातीत आवाज येतो, सगळ्यांना ऐकू द्या. आई म्हणाली, "मी तिला नको म्हटलं. पण तिला वाटत होतं की मुलांना कळावं." पुढच्या रांगेतल्या एक बाई डोळ्यांना पदर लावत होत्या. हे ती पहिल्यांदा सांगत नव्हती. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, ते सगळं बसलेलं होतं.

मग ती म्हणाली, ती मुलगी आज इथेच आहे. पन्नास माना मागे वळल्या. जवळच बसलेली एक तरुण शिक्षिका, त्याच भागातली, माझ्याकडे वाकून म्हणाली, "ताई, लई मोठं मन हाय तुमचं. लहानपणापासूनच."

मी मान हलवली. हसलेसुद्धा. दुसरं काय करता आलं असतं? पण तेवढ्यानं मी त्या गोष्टीची साक्षीदार झाले. आता ती गोष्ट माझ्या संमतीनं पुढे जाणार होती.

परतताना नगर रस्त्यावर गाड्या खोळंबल्या होत्या. आई थकून खिडकीबाहेर बघत होती. मी म्हणाले, "मी हात वर केला नव्हता, आई."

"केला होतास."

"मी कंपास उभा केला होता. तू बघितलास."

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. ती म्हणाली की तिला स्पष्ट आठवतं, मी उठले होते. मी म्हणाले, उठले होते, खडू आणायला जायला. मग मी रिफिलींचं विचारलं. अडतीस रिफिली होत्या ना, म्हटलं, मी हात वर करणार हे तुला आदल्या आठवड्यातच कसं कळलं होतं?

पुढची गाडी दोन हात सरकली, मीही सरकले. तिच्या चेहऱ्यावर मला काहीतरी दिसेल, पकडलं गेल्यासारखं, असं वाटलं होतं. तसं काही दिसलं नाही. ती खरोखर गोंधळलेली होती. इतक्या वेळा सांगून तिची ती आठवण खरी झाली होती, आणि माझी आठवण तिच्यासाठी नव्यानं समोर आलेली होती. मला त्याचंच जास्त दुखलं. तिनं जाणूनबुजून खोटं सांगितलं असतं तर निदान त्या दिवसाचं खरं काय ते तिच्याजवळ राहिलं असतं.

"मग काय सांगू लोकांना?" ती शेवटी म्हणाली. "आजारी मुलीला ओढून उभं केलं म्हणून सांगू?"

"हो," मी म्हणाले.

घरी पोचल्यावर तिच्या पिशव्या मी वर नेऊन ठेवल्या, ती म्हणाली चहा घेऊन जा, मी म्हणाले मीटिंग आहे. मीटिंग खरंच होती.

महिन्याभरानं तिचा फोन आला, ऑफिसच्या वेळेत. एरवी ती ऑफिसच्या वेळेत फोन करत नाही. म्हणाली, काल सत्र होतं, पण तो प्रसंग मी आता सांगत नाही. मी विचारलं, का?

"एकदा तू म्हणालीस तसा सांगून बघितला," ती म्हणाली. "सगळे माझ्याकडेच बघत बसले. प्रयोगाकडे कुणाचं लक्षच राहिलं नाही."

मी फोन कानाला धरून उभी राहिले. आणखी काही येतंय का वाट बघत होते. पलीकडून भांड्यांचा आवाज येत होता. तिनं खरं सांगितलं होतं, कुठल्यातरी शाळेच्या हॉलमध्ये, अनोळखी माणसांसमोर, मी तिथे नसताना. मला सांगितलं नव्हतं. मला तिनं फक्त त्यामुळे पाठ कसा बिघडला ते सांगितलं.

"रविवारी जेवायला येताय ना?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, येतो. नवरा आणि मुलाला घेऊन गेलेही. वरण-भात होता, भरली वांगी होती, आणि आईनं माझ्या मुलाला बाटलीतले फुगे फुगवून दाखवले. तो तिला विचारत होता, कुणी फुंकत नाही तर फुगतात कसे, आणि ती मांडी घालून त्याला सांगत होती. मी भांडी घासायला आत गेले.